ओळखा पाहू, हा बुरूज कुठला

बसा, चहा ठेवलाय. तोवर माझी फजिती ऐका. नाहीतरी आमच्या सोसायटीत कुणीतरी तुम्हाला ती सांगणारच, मग माझ्याच तोंडून ऐकलेली काय वाईट?

मी मूळचा साताऱ्याचा. हे तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही सीवूड्सला आमच्या गेटपाशी कधी पाच मिनिटंही उभे राहिलेला नाहीत. बावीस वर्षं झाली इथे नवी मुंबईत येऊन, पण तोंड उघडलं की सातारा. लिफ्ट बंद पडली, की मी अजिंक्यताऱ्याचा चढ सांगतो. टाकीत पाणी नाही, की लिंबची बारा मोटेची विहीर. कुणी लेकीच्या साखरपुड्याचे पेढे दिले, की ते तोंडात असतानाच म्हणतो, "छान आहेत, पण कंदी पेढ्यांची सर नाही हो."

बायको म्हणते, एवढा जीव तुटतो तर जाऊन या की. माझी थोरली बहीण, आक्का, तिथेच गडाच्या पायथ्याशी राहते. तीही दर रविवारी फोनवर विचारते, कधी येतोस? मी म्हणतो, पुढच्या महिन्यात. असे सहा वर्षांचे पुढचे महिने झाले.

खरं सांगू का? एकट्याने जायची भीती वाटते. आमची शाळा असेल का, आपल्याला ओळखणारं कोण उरलं असेल, कास तलावाच्या वाटेवर आता काय काय उभं राहिलं असेल. म्हणून ठरवलं, यंदा सोसायटीची सहल साताऱ्यालाच न्यायची. चाळीस माणसं बरोबर असली की मी मिरवत मिरवत गाव दाखवीन, आणि डोळ्यांत पाणी आलंच तर गर्दीत खपून जाईल. पण सगळ्यांचा ओढा अलिबागकडे. रविवारी मीटिंग होती, हात वर करून निकाल लागायचा होता.

आणि गुरुवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. गच्च झाडी आणि मधोमध काळ्या दगडांचा एक जुना बुरूज. खाली एवढंच, "ओळखा पाहू." टाकला होता तळमजल्यावरच्या म्हात्र्यांनी. म्हात्रे म्हणजे मूळचे बेलापूर गावचे, उभा जन्म खाडीवर मासेमारी केलेला माणूस. बोलणं मोजकं, ग्रुपवर तर कधी नमस्कारसुद्धा टाकत नाहीत.

मी फोटो पाहिला आणि गलबलून आलं हो. अजिंक्यतारा! दुसरं काय असणार? चहा निवला, पोहे गार झाले, आणि मी एका बोटाने तासभर टाइप करत बसलो: "हा माझा बुरूज. ह्याच दगडांना पाठ टेकून मी दहावीचा अभ्यास केला. खिशातल्या चिंचा इथेच संपवल्या. दिवेलागणीला खालून आई हाक मारायची आणि ती थेट इथवर ऐकू यायची." गावाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. मी कुठला हे जगाला ठाऊक आहे.

बायकोने वाचलं आणि विचारलं, "गडावर हाक ऐकू यायला सासूबाईंकडे काय भोंगा होता?"

मी म्हटलं, भावना समजून घे. पण लोकांनी काय डोक्यावर घेतलं म्हणता! तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मला जिन्यात थांबवून डोळे पुसून गेल्या. ज्यांना पार्किंगवरून माझं तोंड बघवत नाही, त्यांनीही हात जोडल्याची चित्रं पाठवली. मग मी कशाला थांबतोय? फोटो मोठा छापून आणला आणि रविवारी मीटिंगमध्ये भिंतीला चिकटवून उभा राहिलो. सेक्रेटरी म्हणाले, सहल ह्याच बुरुजावर न्यायची, कोण कोण तयार? सगळे हात वर. अलिबाग आडवं!

मग सेक्रेटरींनी सहज विचारलं, "म्हात्रे, तुम्ही कधी गेला होता साताऱ्याला?"

"सातारा? नाय बा," म्हात्रे म्हणाले. "सकाली चालाय गेलतो तवा काढला. आपला बेलापूरचा किल्ला हाय तो."

बेलापूर आमच्यापासून एक स्टेशन! तिथल्या किल्ले गावठाण चौकातून मी बावीस वर्षं येतोय-जातोय, आणि मला वाटायचं, हे नुसतं नाव असावं.

मी खुर्ची शोधत होतो, तेवढ्यात म्हात्रे माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता हा माणूस सोलणार. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मी तुमाला एकदा लिफ्टपाशी सांगितलेला, माझी आय खालून हाक मारायची न् मना किल्ल्यावर ऐकू यायची. तुमी तवा साताऱ्याचाच बोलत व्हता. मना वाटला ऐकलाच नाय. पन परवा वाचला न् रडाय आला."

आता काय सांगू तुम्हाला, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बुरूज त्यांचा, हाकही त्यांच्या आईची, आणि रडून मोकळा झालो मी. मनापासून लाज वाटली.

ठराव मात्र मंजूर झाला होता, "ह्याच बुरुजावर". त्यामुळे पुढच्या रविवारी सोसायटीची वार्षिक सहल दहा रिक्षांतून बेलापूरला गेली. म्हात्र्यांनी सगळं दाखवलं, होड्या कुठून दिसायच्या, आई कुठे उभी राहायची. मी त्या दिवशी सातारा हा शब्द काढला नाही. दगडाला पाठ टेकून बसलो, तर पाठीला तो आपलाच वाटला. म्हात्र्यांना शेजारी बसवून एक फोटो काढला आणि आक्काला पाठवला.

दुसऱ्या मिनिटाला तिचा फोन. आवाज तापलेला.

"गडावर येऊन बसलास आणि घरी नाही आलास? बहिणीचं घर दिसत नाही होय वरून? भाकरी टाकायला घेतलीय मी. गुमान खाली ये, आणि शेजारी बसलेत त्यांनाही घेऊन ये."

मी म्हात्र्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"निघालोच आक्का," मी म्हटलं. "फक्त उतरायला पाच तास लागतील."