पहिला रोडगा

अकोल्याहून अमरावतीला निघालेली बस मूर्तिजापूर मागे टाकते, तेव्हा मला हटकून डुलकी लागते. खिडकीतलं ऊन मांडीवर येतं आणि अर्धवट झोपेत मी पुन्हा दहा वर्षांची होते. खरं वय त्रेचाळीस. घरात शाळकरी लेक, आणि सरकारी दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी. दिवसभर माणसं खिडकीपाशी येऊन विचारतात, जेवणाआधी घेऊ का नंतर, आणि मी खणखणीत आवाजात सांगते. बसमध्ये डोळे मिटले की ते सगळं कुणा दुसऱ्या बाईचं वाटू लागतं. ती बाई हुशार आहे, जरा चिडकीही आहे. मी मात्र वलगावच्या आमच्या शेतात कडुलिंबाखाली बसून रोडगे होण्याची वाट बघत असते.

दरवर्षी हरभरा घाट्यावर आला की आमच्या शेतातल्या मारुतीपुढे रोडगे होतात. कणकेच्या लहान-मोठ्या पाऱ्यांना तेल लावून त्या एकीवर एक ठेवायच्या, सगळ्यात मोठीत बाकीच्या गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून टाकायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मग नुसतं बसायचं. राखेचा ढीग वेळेआधी उकरला की आच निघून जाते, आणि मग रोडगे बाहेरून दगड आणि आतून कणीक. म्हणून 'काढा' असं एकाच माणसाने म्हणायचं. आमच्याकडे ते बाबा म्हणायचे.

त्याआधी ते आणखी एक गोष्ट करायचे. ढिगाच्या कडेचा एकच रोडगा काठीने बाहेर ओढायचे, आमच्याकडे पाठ करून फोडायचे आणि उभ्या उभ्या खाऊन टाकायचे. डोळे मिटून, मान हलवत. "वा," म्हणायचे. आम्ही पोरं लाळ गिळत उभी. आत्या दरवर्षी बोलायची, "देवाच्या आधी याचं तोंड. एवढा कसा खादाड रे तू." बाबा हसून म्हणायचे, "भूक लागली मले." मला त्या वेळी त्यांचा राग यायचा. एक तुकडा माझ्या हातावर ठेवला असता तर काय बिघडलं असतं? तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की मोठं होणं म्हणजे पहिला रोडगा आपला असणं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला द्यायचा नाही.

पुढे मी मोठी झाले असं लोक म्हणू लागले. लग्न झालं, अकोल्याच्या जुन्या शहरात घर केलं, केसांत पांढरं आलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता येईल ती जाणीव, आता आतून कुणीतरी म्हणेल की झालीस तू मोठी. कुणी काही म्हटलं नाही. दवाखान्यात कुणी जोरात 'इथे मोठं कोण आहे' असं विचारलं की अजूनही मी आधी मागे वळून बघते.

यंदा शेतात पोहोचले तेव्हा विस्तव पेटून राखेखाली गेला होता. धूर वर न जाता हरभऱ्यावर आडवा पसरला होता आणि त्यातून माणसं सावकाश चालत होती, पाण्यातून चालावं तशी. काळ्या मातीवर सतरंज्या. साठेक माणसं तरी असतील. माझी लेक चप्पल काढून बांधावरून पळत गेली. बाबा बाजेवर बसले होते. मी टेकले तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"माय, यंदा तू सांगजो."

"काय?"

"कवा काढाचे ते. मले वास येत नाही आता."

"कधीपासून?"

"त्या तापानंतर. दोन वरसं झाले. मांगच्या साली अंदाजानं सांगतलं. कसेबसे निभले."

दोन वर्षं. मला राग आला, खूप राग आला. मी औषधं देणारी बाई, आणि माझ्याच बापाने नाक गेल्याचं मला सांगितलं नव्हतं. आईलाही सांगितलं नसणार. आणि त्या रागाखाली भीती होती. मी इतकी वर्षं फक्त खायला येत होते.

"मला नाही कळत त्यातलं," मी म्हटलं. "चुकलं तर? एवढी माणसं उपाशी बसलीत."

"काहून भेतं? कडेचा एक काढ अन् फोडून पाह्य. कच्चाच निंगते तो."

"दरवेळी?"

"दरवेळी. पहिला पोटात गेला की मंग वासावरून अंदाज येते, किती वेळ रायला त्याचा."

ते ढिगाकडे बघत होते.

"मग तुम्ही ते 'वा'... "

"बायांनी सकाळपासून कणीक मयली असते. साऱ्याईच्या पोटात आग. कच्चा दिसला की एक म्हणे काढा, दुसरा म्हणे नका काढू, अन् ढीग उकरून ठेवते. अन् अन्न काई फेकता येत नाही. त्याच्यानं खाऊन घ्याचा."

एवढंच बोलले आणि पाण्याचा गडवा उचलून प्यायले. माझ्या डोळ्यांपुढून ती सगळी वर्षं एकामागून एक गेली. ती पाठ, ती हलणारी मान. तीस-चाळीस वर्षं हा माणूस हसत हसत कच्ची कणीक गिळत होता आणि खादाड म्हणवून घेत होता. आणि मी त्यांच्यावर रुसून बसायचे. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, तेवढी हिंमत झाली नाही.

ढिगापाशी गेले. वाकून वास घेतला. गोवऱ्यांचा, गव्हाचा, तापल्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलेला, काही उलगडेना. काठीने कडेचा रोडगा ओढला, पदरात धरून राख झटकली आणि सगळ्यांकडे पाठ करून फोडला. वरचे पदर खरपूस, आत पांढरी ओली कणीक.

"आई, मला दे ना," लेक धावत आली. तिची नजर माझ्या हातावर.

"हा माझा आहे," मी म्हटलं.

तिचं तोंड उतरलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. तिला सांगावं असं फार वाटलं, पण मागे साठ माणसं कान देऊन बसली होती. मी घास तोंडात घातला. कणीक टाळूला चिकटली, गिळवेना. मी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हटलं, "वा."

"आता काय ही बी?" आत्या सतरंजीवरून म्हणाली. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे. "देवाच्या आधी इचं तोंड. बापावानीच खादाड निंगाली."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते बाजेवर ताठ बसून माझ्याकडे बघत होते.

"भूक लागली मले," मी म्हटलं, आणि उरलेला रोडगा खाऊ लागले.