मातीची ताटली घासायची नसते

पाण्याचं मला कुणी शिकवावं, हे मला कधीच सहन झालं नाही. शाळा चौथीपर्यंत, पण पाणी सोडायचं काम तीस वर्षं केलं, तेही डोंबिवलीत. खांद्याएवढी उंच लोखंडी चावी घेऊन जायचं, रस्त्यातल्या व्हॉल्व्हचं झाकण उचलायचं, चावी फिरवली की त्या आळीला पाणी. लोक मला चावीवाला म्हणत. दहा मिनिटं उशीर झाला की आईवरून शिव्या, आणि गणपतीत तेच लोक घरी बोलवून ताटभर मोदक वाढायचे. कुठल्या आळीत पाणी गढूळ आलंय, कुठे पाइपात गटार शिरलंय, हे साहेबांच्या आधी मला नुसत्या वासावरून कळायचं. म्हणून पुढचं लिहायला जड जातंय. पण लिहितो.

कोपरला आमचं तळमजल्याचं घर. मागे चार पावलांची मोकळी जागा. बायको गेल्यावर तिथे मी लोखंडी अँगल आणून स्वतः पिंजरा उभा केला. माणूस आत ताठ उभा राहील एवढा. चारी बाजूंनी बारीक जाळी, अर्ध्यावर पत्रा, अर्धा उन्हाला मोकळा. कल्याणच्या बाजारातून फिंचांच्या दोन जोड्या आणल्या. चिमणीच्या निम्मा जीव, लाल चोच, नराच्या गालावर विटकरी ठिपका. आवाज जत्रेतल्या रबरी बाहुलीचं पोट दाबल्यासारखा. दोन वर्षांत चाराचे अकरा झाले.

त्यांचं पाणी पिणं बघत मी तासन्‌तास बसायचो. कोंबडी घोट घेते आणि मान वर करते. ही तसं करत नाहीत. चोच बुडवून पंपासारखी ओढतच राहतात. पोट भरलं की त्याच पाण्यात आंघोळ, आणि काठावर बसून त्यातच घाण.

पाण्याला मी मातीची पसरट ताटली ठेवलेली. आमच्या घरात माठाला आतून घासणी लावत नाहीत. आई सांगायची, साबण मातीत मुरतो, छिद्रं बुजतात, माठ मरतो. नुसता हात फिरवून विसळायचा. मी ताटलीलाही तोच नियम लावला. रोज सकाळी सातला जुनं पाणी फेकायचं, हात फिरवायचा, नवीन भरायचं. तेही उकळून गार केलेलं. एवढं तर मी स्वतः पीत नाही.

शेजारचा म्हातारा कुंपणावरून ओरडायचा, "काय चावीवाले, पाखरांना पण टायमावर लाइन सोडता काय?"

"हो, पण ही शिव्या देत नाहीत," मी म्हणायचो.

एक दिवस सुनेने ताटली हातात घेतली. "बाबा, आतून बुळबुळीत लागतेय हो. घासू का जरा?"

"मातीला घासणी लावतात का कधी? तुझ्या माहेरी लावत असतील."

"माठात कोणी आंघोळ करत नाही, बाबा."

ती बरोबर बोलली होती. मला तेव्हाच कळलेलं की ही बरोबर बोलली, आणि म्हणूनच जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी बघतो तर ती मोरीत बसून ताटली घासत होती. मी तिच्या हातातून हिसकावून घेतली. "तीस वर्षं मी या गावाला पाणी पाजलंय. मला पाणी शिकवायचं नाही!" ती उठली, हात पुसले आणि आत गेली. परत कधी तिने ताटलीला हात लावला नाही.

त्यानंतर पहिली मादी गेली. कापसाच्या बोळ्यासारखी फुगून खाली बसायची, शेपटीखाली सगळं माखलेलं. मी म्हटलं गारठा बाधला. पिंजऱ्याला पोतं बांधलं. आठवड्यात दुसरी. मी दाण्यावर ठपका ठेवला, राळ्याचं दुकान बदललं. मग दोन पिल्लं एकदम गेली, तेव्हा आळीत डासांसाठी धूर मारून गेले होते, त्यांच्या नावाने बोंब मारली. दिवसभर मारली. चारही मेलेले जीव मी जास्वंदीखाली पुरले आणि प्रत्येक वेळी मोरीवर जाऊन त्याच ताटलीत ताजं पाणी भरून ठेवलं.

पाचवा फुगून बसला तेव्हा सून म्हणाली, "चला, डॉक्टरकडे." ठाण्याला नौपाड्यात एक पाखरांचे डॉक्टर आहेत. बुटाच्या खोक्यात फडकं घालून त्याला नेला. डॉक्टर पोरगेलेसे, पण हात हलका. त्यांनी त्याला तपासला आणि विचारलं, "पाणी कशात देता?"

मी तोंड उघडायच्या आत सुनेने पिशवीतून ताटली काढून टेबलावर ठेवली. घरून निघताना तिने ती कधी उचलली, मला पत्ताच नव्हता.

"काका, यात बोट फिरवा जरा," डॉक्टर म्हणाले.

फिरवलं. नाही म्हणायला जागाच नव्हती. शेवाळलेल्या टाकीची भिंत मी हजारदा चाचपली आहे, तो बुळबुळीत थर मी दुसऱ्याच्या घरी लगेच ओळखतो. डॉक्टर म्हणाले, वरचं पाणी कितीही उकळलेलं असलं तरी या थरात विष्ठेतले जंतू बसतात, नवीन पाणी घातलं की तेही तसंच होतं. स्टीलच्या उथळ वाट्या दोन घ्या. एक पिंजऱ्यात, एक घासून कडक उन्हात. दिवसातून दोनदा बदला. वाटीच्या वर बसायची काठी नको. मग त्यांनी विचारलं, "पाणी कोण बघतं घरात?"

मी गप्प राहिलो. जन्मात कधी चूक दुसऱ्यावर ढकलली नाही असं मी लोकांना सांगत फिरतो.

"आम्ही सगळेच बघतो," सून म्हणाली.

तो पाचवा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. संध्याकाळी मुलगा अंगणात आला आणि शेजारच्या म्हाताऱ्यासमोर मला म्हणाला, "बाबा, यापुढे पाण्याला तुम्ही हात लावायचा नाही." म्हाताऱ्याने त्या दिवशी काही गंमत केली नाही, आत निघून गेला. मी मुलाला एवढंच म्हटलं, "नाही लावत."

आणि नाही लावला. महिनाभर सून सकाळ-संध्याकाळ वाट्या बदलायची आणि मी खुर्चीत बसून पेपर वाचल्यासारखं करायचो. एकही मेला नाही. याचा आनंद व्हायला हवा होता. मला तो एकेक दिवस तोंडात मारल्यासारखा लागायचा.

मग ती आठ दिवस माहेरी गेली. वाट्यांचं काम नवऱ्याला सांगून गेली, मला नाही. मुलाचं ऑफिस घोडबंदर रोडला, ट्रॅफिक चुकवायला साडेसहालाच बाहेर पडतो. पहिल्याच दिवशी विसरला. नऊ वाजता पाण्यात दाण्याची फोलकटं तरंगत होती, दहाला त्यात विष्ठा दिसत होती. मी खुर्चीत बसून. हात लावू नका म्हणाला ना, आता बघ म्हणावं. अकरा वाजले. दुसरी वाटी दोन हातांवर कट्ट्यावर उन्हात पडलेली. मी उठलो नाही. बारा वाजता एक नर काठावर उतरला, चोच बुडवली आणि ओढायला लागला. सगळी घाण बाजूला सरकली आणि तो ओढतच राहिला.

तेव्हा उठलो. वाटी काढली, घासली, तीनदा विसळली, दुसरीत पाणी भरून ठेवलं.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. माझ्याच फोनवर. "बाबा, पाणी बदललं का?"

"बारापर्यंत नाही बदललं. मी समोर बसलो होतो. दिसत होतं, तरी बसलो."

तिने विचारलं, "सगळे आहेत ना?"

"सहा आहेत." मग मी म्हटलं, "ते पाच माझ्याने गेले. डॉक्टरांसमोर मी बोलायला हवं होतं."

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "उद्या सातला बदला. आणि संध्याकाळी पण."