अंगठीचं प्रस्थान

काय सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या, मग खुशाल हसा. एवढी हुशार समजली जाणारी बाई केवढा घोळ घालू शकते, हे माझ्यामुळे दोन्ही घरांना कळलंय.

माझ्या धाकट्या बहिणीचा, मंजूचा, साखरपुडा होता. पुण्यात, शुक्रवारी रात्री आठला. नवरदेवाची अंगठी मी इथे चेन्नईत घडवून घेतली होती आणि ती पोचवायची जबाबदारी माझी. आठवडाभर माझं एकच पालुपद. विमानतळ ते विमानतळ नऊशेच्या वर थोडे किलोमीटर, हवेत पावणेदोन तास, मैलापूरच्या आमच्या घरून विमानतळ पाऊण तास. दुपारी एकचं विमान. पावणेअकराला घर सोडायचं म्हणजे सोडायचं!

अम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कॅलेंडर पुढे केलं. माझं सासर तंजावरच्या मराठ्यांचं, पिढ्यान्पिढ्या इकडेच. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, तेवढ्या वेळात उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, साडेदहापर्यंत मला ऑफिसचा कॉल आहे आणि विमान काही राहुकाळ बघून उडत नाही. मी हटून बसले. त्या माझ्याहून हट्टी.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. प्रस्थान ठेव म्हणाल्या. म्हणजे चांगल्या वेळेत आपलं काहीतरी सामान शेजारी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला असं धरतात. मग निघताना ते उचलायचं आणि पुढे जायचं.

"काहीही ठेव, पण न्यायला विसरू नकोस."

मी आणि विसरणार? विसरायला नकोच म्हणून मी मुद्दाम सगळ्यात महत्त्वाची वस्तू निवडली. दहाच्या ठोक्याला सतरा पायऱ्या उतरले आणि तळमजल्यावरच्या तमिळ आजींच्या देवघरात अंगठीची डबी ठेवून आले. काय डोकं चाललं होतं माझं!

कॉल लांबला. खाली टॅक्सीवाला फोनवर फोन करत होता. मी बॅग उचलली आणि त्याच सतरा पायऱ्या धडाधड उतरून, त्या आजींच्या दारावरून, थेट टॅक्सीत. पुढे सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं. विमानात शेजारच्या गृहस्थांना मी अंतरसुद्धा ऐकवलं. पावणेतीनला पुण्यात उतरले, तोच मंजूचा फोन.

"ताई, अंगठी आणलीस ना?"

अंगठी आजींच्या देवघरातच राहिली होती!

घरी फोन लावला आणि सरळ रडायला लागले. आता अम्मा कशा, तर लिफ्टमध्येसुद्धा देवाचं नाव घेतल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या. विमान त्यांनी फक्त गच्चीवरून पाहिलेलं. पण त्या लगेच म्हणाल्या,

"रडू नकोस. मी येते."

नवरा अड्यारच्या ऑफिसातून धावत आला. पाचच्या विमानाचं तिकीट काढून त्याने आईला विमानतळावर सोडलं. इकडे मी हॉलच्या दारात उभी. कुणी काही विचारलं की "येतेय, येतेय" एवढंच म्हणत होते.

पावणेआठला अम्मा आल्या. कांजीवरम नेसलेल्या, डबी पदराच्या गाठीत. मी सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली.

अंगठी बोटात गेली. पंगतीत नवरदेवाच्या काकांनी सहज विचारलं, चेन्नईहून विमानाने किती वेळ लागतो हो? माझा आवडता प्रश्न! मी तोंड उघडलं, पण अम्मा आधी बोलल्या.

"हिला पावणेदोन तास लागले. अंगठीला पावणेदहा. आणि ती हिच्या आधी निघाली होती."