उन्यासी

इंटरनेट बंद पडायची कारणं जगात दोनच आहेत, एक तर नाव चालत नाही, नाहीतर पत्ता, यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका ठाम विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी आयुष्यभर आवक-जावक सांभाळली आणि निवृत्त होऊन दिल्लीजवळ इंदिरापुरमला आमच्या सोसायटीत आले, तेव्हा केबलचं नेट नुकतंच घरोघर पोहोचत होतं. कुणाचं अडलं की काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून, लाल वही घेऊन, ऑफिसला निघाल्यासारखे जिना उतरत. "आपण साइटचं नाव टाइप करतो, पण टपाल जातं आकड्यांच्या पत्त्यावर. मधे नाव बघून पत्ता सांगणारा एक कारकून बसलेला असतो, त्याचं नाव डीएनएस. निम्म्या वेळा तोच जागेवर नसतो." वहीत दहा-बारा साइटींचे आकडे होते. आकडा टाकून पान उघडलं, की लाइन निर्दोष सुटायची आणि कारकुनाचा शोध सुरू व्हायचा. तोवर काका चहाला हात लावत नसत. समोरच्या पंजाबी बाईंकडे एकदा त्यांचे तीन कप गार झाले, तरी "अभी केस पेंडिंग है" म्हणून बसून राहिले.

माझं त्यांच्याशी बिनसलं ते याच चोख कामामुळे. मी नांदेडहून एक बॅग घेऊन पहाडगंजला उतरलो आणि नळ-फिटिंगचा धंदा निव्वळ जिभेवर उभा केला. हिंदीत भाव करण्यात मला हरवणारा व्यापारी अजून भेटायचा आहे. नोएडाच्या एका बिल्डरला बाराच्या आत मेलवर कोटेशन हवं होतं, सबंध टॉवरचे नळ होते, आणि कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आल्यापासून एकही पान उघडेना. केबल कंपनीच्या माणसाला घरी बोलावून मी असा फैलावर घेतला, की गच्चीपासून नवी वायर फुकटात ओढून द्यायला तो जवळजवळ तयार झाला होता. तेवढ्यात काका आले. वहीतला आकडा टाकला, पान उघडलं. मग त्यांनी सेटिंगमधला डीएनएसचा नंबर त्या माणसाला वाचून दाखवायला सांगितला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फोनवर कंपनीने शेवटचा आकडा सांगितला होता 'उन्यासी', म्हणजे एकोणऐंशी, मी भरले होते एकोणनव्वद. आता भाव करताना उन्यासी कोण म्हणतं? सरळ ऐंशी म्हणतात. पण काका त्या माणसासमोर शांतपणे म्हणाले, "इनकी हिंदी अठहत्तर तक ठीक है."

कोटेशन वेळेत गेलं, ऑर्डरही मिळाली. वायर मात्र गेली, आणि वर तो माणूस हसत हसत गेला. पुढे काका मला जिन्यात "काय उन्यासी, नेट चालू?" असंच विचारायला लागले. हळूहळू वॉचमनसुद्धा म्हणायला लागला. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. चारचौघांत माझ्या जिभेची लाज काढली, त्याबद्दल एकदा चुकलो म्हणा, एवढंच मला हवं होतं. ते म्हणेनात, मी बोलेना. नेट बंद पडलं तर दोन-दोन दिवस तसाच बसायचो, पण वर गेलो नाही. अशी चार वर्षं गेली.

मग काकू एका सकाळी खाली आल्या. ह्यांना विसरायला होतं हल्ली, म्हणाल्या, परवा मुलाचं नावही आठवेना, पुण्याला घेऊन जातोय तो, भेटून घ्या. मी गेलो. खरं सांगायचं तर तेव्हाही मनात होतं, जाण्याआधी 'चुकलो' म्हणतील. काका खिडकीशी बसले होते, बुशशर्ट चुरगळलेला. काकूंनी माझं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. काकूंनी आडनाव सांगितलं, मग गाव, मग फ्लॅटचा नंबर. काही नाही. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या पाकिटावरचं पुसट अक्षर लावावं तसे.

"उन्यासी," ते म्हणाले. "नेट चालू?"

"चालू आहे, काका," मी म्हणालो. त्या नावाला मी पहिल्यांदाच ओ दिली.