पट्टी कुणाची

माझा वर्ग माझ्या नवऱ्याने पटकावला. असं म्हटलं की ते म्हणतात, "तूच धाडलीस नां गे मला?" ते खरंच आहे, आणि म्हणूनच जास्त झोंबतं.

लग्न होऊन मी सोलापूरहून चेन्नईला आले तेव्हा इथलं सगळं त्यांचंच होतं. मांबलमचं घर त्यांनी आधीच घेतलेलं. शेजारी त्यांच्या ओळखीचे. नातेवाईक तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेले मराठी लोक. त्यांची जुन्या वळणाची, तमिळ हेल काढलेली मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. बाजारात गेलं की तमिळ. मी कुणाची तरी सून, कुणाची तरी वहिनी. स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली एकच गोष्ट होती माझ्याकडे, ती म्हणजे हा वर्ग.

जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या ठोक दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक संस्था मोठ्या माणसांना कामधंदा शिकवते. एसी दुरुस्ती, शिवण, फोर्कलिफ्ट चालवणं. कामापुरतं इंग्रजी लिहिता यावं म्हणून तिथे एक शिक्षिका हवी होती. मी एकटी लोकलने गेले, एकटीनेच मुलाखत दिली आणि काम घेऊन आले. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरें." त्यांचा तेवढाच अभिप्राय. बँकेतून आल्यावर ते पेपर वाचत, जेवत आणि झोपत. वीजबिल भरलं, गॅस संपत आला, यापलीकडे आमचं संभाषण फारसं गेलं नाही.

त्यांची एक खोड मात्र मला कधी सहन झाली नाही. घरी पाहुणे आले की हे उठून स्वयंपाकघरात. मी कॉफी करतेय, तर शेजारी ओट्याला टेकून उभे, आणि डबे उघडून काहीतरी शोधल्यासारखं करणार. "अहो, बाहेर जाऊन बसा ना, चार शब्द बोला त्यांच्याशी," असं मी किती वेळा म्हटलं असेल. जायचे, आणि पाण्याच्या निमित्ताने परत यायचे. पाहुणे गेल्यावर मी ऐकवायची, की माणूसघाणेपणाला काही सीमा असते.

वर्गात माझी पद्धत सरळ होती. हातात लाकडी पट्टी, फळ्यावर नियम, आणि नियमाखाली त्यांच्याच कामातले शब्द. फिट या शब्दाला पुढे आयएनजी जोडलं की टी दोनदा येतो. कटिंगमध्येही तसंच. पण हीटिंगमध्ये टी एकच, कारण त्याच्या आधी दोन स्वर आहेत. पट्टी प्रत्येक अक्षरावर ठेवायची आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. पहिल्या बाकावर एसीचं काम करणारे एक गृहस्थ बसत, केस पिकलेले, नातवंडं असलेले. त्यांच्या मागे शिवणकामाला येणारी एक बाई. तिला ब्लाउजच्या मापाच्या चिठ्ठ्या स्वतः लिहायच्या होत्या, कारण मुलीला सारखं विचारावं लागतं याची तिला लाज वाटायची. ही माणसं दिवसभर राबून यायची आणि माझे नियम पाठ करायची. दुसऱ्या आठवड्यात निम्मे विसरायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनात म्हणायची, पण हे घडे माझे होते.

मग माझा घसा बसला. डॉक्टरांनी महिनाभर बोलायचं नाही असं बजावलं. नवरा नुकताच निवृत्त झालेला, दिवसभर बाल्कनीत. मी कागदावर लिहून दाखवलं, 'माझ्याऐवजी जाल का?' त्यांनी तो कागद बराच वेळ वाचला आणि म्हणाले, "मला कां गे येतें शिकवायला?" मी नियम लिहून दिले, शब्दांच्या याद्या दिल्या आणि माझी पट्टी दिली. मनात म्हटलं, बँकेत जन्मभर पत्रं लिहिलेला माणूस आहे, वर्ग निदान बंद तरी पडणार नाही.

महिन्याने मी परत गेले. जिन्यावरच शिवणवाली बाई भेटली. "उडंबु परवाइल्लैया, मॅडम?" तब्येत बरी ना, असं तिने विचारलं आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच माझ्या मागे जिन्याकडे बघितलं. "सार वरलैया?"

सर आले नाहीत का. त्या संध्याकाळी वर्गात शिरणाऱ्या प्रत्येकाने मला हेच विचारलं. बरं, विचारून गप्प बसतील तर ते कसले. सार असं सांगतात, सार तसं सांगतात. मी फिटिंग लिहिलं तर सगळा वर्ग आपसांत हसायला लागला. कशाला हसताय म्हटलं, तर एसीवाले गृहस्थ म्हणाले, "काही नाही मॅडम, सारांनी सांगितलेलं आठवलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संस्थेच्या प्रमुख बाई व्यवहारी. त्यांनी ठरवलं की स्पेलिंग सरांनी घ्यावं आणि वाचन मी. वाचन म्हणजे काय, तर सूचनाफलक आणि यंत्रावरची लेबलं. वर्गाचा जीव स्पेलिंगमध्ये होता आणि तो त्यांना मिळाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. आणि नागोबा खूश. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी दारात उभे. त्यांच्यासाठी कुणी घरून मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, आणायचं, कुणी पेरू. मला इतक्या वर्षांत फक्त एकदा कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली होती.

मी कारणं शोधली. त्यांची तमिळ आईच्या दुधासोबत आलेली, माझी भाजीवाल्याकडून शिकलेली. त्यांनी म्हणे पहिल्याच दिवशी सांगितलं, की तमिळमध्ये दोन शब्द जवळ आले की मध्ये एखादं अक्षर जादा येतं ना, मग इंग्रजीत आलं तर एवढं घाबरता कशाला. हे मला सुचणं शक्यच नव्हतं. पण नुसत्या भाषेने माणसं अशी खुळावत नाहीत. हे मला कळत होतं आणि रात्री पाठ फिरवून झोपलेल्या त्या मुक्या माणसाकडे बघून माझा जळफळाट व्हायचा.

नवरात्र आलं. आमच्याकडे सोलापूरला खंडेनवमी असते, तशी इथे आयुधपूजा. त्या दिवशी संस्थेत सगळी अवजारं देवापुढे मांडतात, त्यांना चंदन-कुंकू लावतात, आणि मग दिवसभर कुणी त्यांना हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ज्याचं अवजार त्याने उचलायचं आणि त्याने थोडं तरी काम करायचं. प्रत्येक शिक्षकाचं एक अवजार विद्यार्थी मागून नेतात. शिवण शिकवणाऱ्या बाईंची कात्री, एसीच्या मास्तरांचं गॅसचा दाब मोजायचं गेज, आणि दर वर्षी माझी पट्टी. पट्टीला लावलेलं चंदन मी आठवडाभर पुसत नसे.

पूजेच्या काही दिवस आधी चार-पाच विद्यार्थी घरी आले. मी पट्टी काढायला उठलेच होते, तेवढ्यात एसीवाले गृहस्थ म्हणाले, "सार, तुमचं काहीतरी द्या." ते हसले. माझ्याकडे कसलं अवजार, मी तर तोंडाने शिकवतो, कुंकू काय तोंडाला लावणार, असं म्हणाले. सगळे हसले. तरी कुणी हलेना. तेव्हा माझ्या नवऱ्याने काय करावं? भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली माझी पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

पाहुणे असल्यामुळे मी बोलले नाही. ते गेल्यावरही बोलले नाही. या घरात न बोलण्याची विद्या त्यांना एकट्यांनाच येते असं कुणी समजू नये.

पण एक ठरवलं. हा माणूस तिथे विकतो तरी काय, ते बघायचं. त्यांच्या पुढच्या तासाला मी घरी थांबते म्हणून सांगितलं आणि मागच्या गाडीने गेले. वर्गाच्या दाराबाहेर खालच्या दुकानदाराच्या कागदाच्या रिमांची चळत असते, तिच्या आड उभी राहिले.

आत फळ्यावर फिट आणि हीट लिहिलेलं दिसत होतं. वर्गात कुणीतरी नवीन आलं होतं आणि जुने त्याला सांगायला सारांना आग्रह करत होते, की ती कुंभकोणमची गोष्ट सांगा. माझा नवरा तमिळमध्ये सांगू लागला. मी कधी ऐकला नव्हता असा आवाज होता तो, मोकळा, मजेत चढउतार घेणारा.

आई गेल्यावर मी कुंभकोणमला आत्याकडे वाढलो, ते सांगत होते. त्यांची आई लहानपणी गेली एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. आत्याकडे, ते म्हणाले, माणसांची सतत ये-जा. कुणी पाहुणा आला की विचारायचा, हा कुणाचा मुलगा? मग आत्या सांगायची, आणि पाहुणा 'अरेरे' म्हणून माझ्याकडे बघायचा. ते 'अरेरे' मला सोसायचं नाही. दारात चप्पल वाजली की मी भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. मग माझा आत्येभाऊ काय करायचा, काहीही काम नसलं तरी माझ्या शेजारी येऊन उभा राहायचा. एक शब्द बोलायचा नाही. नुसता उभा. दोघं असलं की कुणी विचारत नाही हा कुणाचा. तर हा फिटमधला स्वर बघा, एकटा आहे. आयएनजी पाहुणा आला की त्याला भीती वाटते, म्हणून टी आपल्या भावाला बोलावून घेतो. आणि हीटमध्ये बघा, आधीच दोघं आहेत. त्यांना कशाला कोण लागतंय?

वर्ग हसला. एसीवाले म्हणाले, "सार, अजूनही भीती वाटते?" माझा नवरा म्हणाला, "वाटते ना. पण आता घरी मॅडम आहेत."

मी तशीच जिना उतरले. इतका मत्सर मला आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि तो आता नवऱ्याचा नव्हताच. त्या एसीवाल्याचा होता, त्या शिवणवालीचा होता. महिन्याभरात त्यांना जे मिळालं ते मला उभ्या संसारात मिळालं नाही, आणि मिळालं तेही रिमांच्या आड चोरून. माझ्याच ओट्याशी माझ्याच शेजारी उभा राहणारा माणूस मी बाहेर पिटाळत होते, आणि का उभा राहतो हे जॉर्ज टाउनमधल्या परक्या माणसांना ठाऊक होतं. त्यांचा तास सुटायच्या आतच मी आधीची गाडी पकडून घरी गेले.

दसऱ्याला सकाळी सगळे जमलो. या वेळी शहराबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यातून तीन अधिकारी आले होते. माणसं घ्यायची होती, तेव्हा विद्यार्थ्यांचं काम बघायला. पुढच्या खुर्च्यांवर बसले. शिवणाच्या बाईंनी कात्री उचलून कापड कापलं. एसीच्या मास्तरांनी गेज लावून दाखवलं. मग प्रमुख बाई म्हणाल्या, आता इंग्रजी. सगळा वर्ग सारांकडे बघायला लागला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते.

ते पुढे गेले. पट्टी उचलली. फळ्यावर शब्द लिहिला, वळले, आणि समोरच्या तीन परक्या चेहऱ्यांकडे बघून थांबले. थांबले ते थांबलेच. एक अधिकारी घड्याळात बघायला लागला. आता पडू दे तोंडावर, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं.

तेवढ्यात ते फळ्यापासून निघाले. पट्टी हातात, बाकांच्या मधून चालत मागे आले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. भिंतीवर काहीतरी शोधल्यासारखं बघत. सवयीने माझ्या ओठांवर आलंच होतं, अहो, पुढे जा ना. पण मी बाकांकडे बघितलं. एसीवाले मागे वळून बघत होते, शिवणवाली बघत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांना माहीत होतं. शिवणवालीने तर वाटेतली तिची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आम्हा दोघांना जाता यावं म्हणून.

मी त्यांचं कोपर धरलं आणि दोघं फळ्याशी गेलो. पट्टी त्यांच्याच हातात राहिली, नियम मी सांगितला. मी शेजारी उभी आहे म्हटल्यावर थोड्या वेळाने त्यांचाही आवाज सुटला. शिवणवालीने पुढे येऊन फळ्यावर कटिंग लिहिलं आणि एसीवाल्यांनी फिटिंग. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

परतताना लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पट्टी त्यांच्या मांडीवर, कुंकू शर्टाला लागलेलं. फोर्ट स्टेशन गेल्यावर मी म्हटलं, "ती कुंभकोणमची गोष्ट सांगा."

ते चमकले. "तुला कधीं सांगितली मी?"

"नाहीच सांगितलीत," मी म्हटलं. "वर्गाला सांगितलीत."

मग, मांबलम येईपर्यंत, त्यांनी मला ती सगळी सांगितली. वर्गात जास्त रंगली होती.