चिंचेने घासलेला आकडा

निपाणीत चुडीचा बाजा दुरुस्त करणारा आता एकच माणूस उरला आहे, जोतिबा. वय त्र्याहत्तर. चुडी म्हणजे मेणाची पोकळ नळी. ती फिरवून गाणं ऐकवणारं, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं यंत्र म्हणजे चुडीचा बाजा. शिकलेले लोक त्याला फोनोग्राफ म्हणतात.

जोतिबाची खरी ख्याती दुरुस्तीपेक्षा नंबर वाचण्यात. अशा प्रत्येक यंत्रावर एक पितळी पट्टी असते आणि तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. अक्षर आकड्याआधी आहे की नंतर, ठसा सरळ आहे की तिरका, पट्टी मूळची की दुसऱ्या यंत्रावरून काढून बसवलेली, हे तो नुसतं बोट फिरवून सांगायचा. हातात आलेल्या प्रत्येक यंत्राचा नंबर लिहून ठेवायचा. अशा सात वह्या भरल्या. टिळकवाडीतले निवृत्त प्राध्यापक नागेंद्र ही विद्या त्याच्याकडेच शिकले. पहिल्याच दिवशी त्याने त्यांना बजावलं होतं, "सर, एक ध्यानात ठेवा. नंबर घासलेला दिसला की बाजा चोरीचा. दुसरं काय कारण नसतंय."

त्याच्या स्वतःच्या घरी, देव्हाऱ्याशेजारी, एक बाजा होता. वडील यल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल होते. वखारवाले कायमचे पुण्याला गेले तेव्हा त्यांनी तो यल्लाप्पाला दिला, पण देताना कोणी पाहिलं नाही. गाव म्हणायचं, "मालक जाताना रडत हुता, आणि यल्लाप्पा बाजा उचलत हुता." शाळेत जोतिबाला 'बाजाचोराचा' म्हणत. यल्लाप्पा तो डाग घेऊनच गेले.

त्या बाजाचा नंबर मोठा चमत्कारिक. अक्षर आकड्याच्या शेवटी, आणि तेही हाताने ठोकल्यासारखं डावीकडे कललेलं. सात वह्यांत तसा दुसरा नंबर नव्हता. हाही लिहिलेला नव्हता. राजाबाईने, म्हणजे बायकोने, एकदा विचारलं होतं, "आपला न्हाय लिवला व्हय?" "घरचंच हाय गं. कुठं जातंय?"

गेल्या श्रावणात नागेंद्रांचा फोन आला. जुन्या बाजांचं प्रदर्शन भरवणाऱ्या समितीत ते होते. वखारवाल्यांच्या नातीला एक जुनं पत्र सापडलं होतं. त्यात लिहिलं होतं, हा बाजा आमचा हमाल यल्लाप्पा यास खुशीने दिला. खाली नंबर. नागेंद्रांनी तो वाचून दाखवला.

"त्योच!" जोतिबा ओरडला. "शेवटचं अक्षर कललेलं हाय, बघा तुमी येऊन!"

"प्रदर्शनात मधोमध तुमचा बाजा, अण्णा. शेजारी हे पत्र. तुमच्या वडिलांच्या नावासकट."

त्या दिवशी जोतिबा बाजारात कारण नसताना दोन फेऱ्या मारून आला. ज्यांनी आयुष्यभर टोमणे मारले, त्यांना थांबवून थांबवून सांगितलं.

दोन दिवसांनी नागेंद्र भिंग घेऊन आले. बॅटरीचा उजेड पट्टीवर पाडला, तिरका धरला, पुन्हा सरळ धरला. पट्टी आरशासारखी लख्ख होती. नंबर नव्हता.

जोतिबाने बोट फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं. "दर खंडेनवमीला घासतोय की आमी," राजाबाई दारातून म्हणाली. "चिंच आन् राखंनं. सासूबाईंच्या काळापास्नं. हेच म्हनायचे, पितळ चकाकलं पायजे."

"सर, नंबर मला पाठ हाय."

"मी फोनवर वाचून दाखवल्यावर तुम्ही म्हणालात, अण्णा. आधी म्हणाला असतात तर गोष्ट वेगळी. समितीतले लोक विचारणार. घासलेल्या नंबराचा अर्थ काय, ते तुम्हीच सगळ्यांना शिकवलंय."

नागेंद्र पाणीही न पिता गेले. प्रदर्शनात पत्र लागलं, काचेखाली, एकटंच. बाजारात कुणीतरी म्हणालं, "पत्रातला बाजा असंल रं खरा. ह्याच्या घरातला कुटला, कोन सांगनार?"

जोतिबाला त्या रात्रीपासून एकच बाई डोळ्यांसमोर येऊ लागली. काकतीची गुणाबाई. आठ वर्षांपूर्वी ती नवऱ्यासोबत बाजा घेऊन दुकानात आली होती. पट्टी अशीच गुळगुळीत. दुकानात तिघं चहा पीत बसले होते. त्यांच्यादेखत जोतिबा म्हणाला होता, "चोरीचा हाय. न्या माघारी."

"दसऱ्याला घासतोय, अण्णा. चिंचेनं."

"चिंचेनं नंबर जातोय व्हय? मग निपाणीतली समदी भांडी बिननावाची झाली असती!"

तिघंही पोट धरून हसले होते. वहीत त्याने लिहिलं होतं: नंबर घासलेला. चोरीचा.

तो एसटीने काकतीला गेला. गुणाबाई अंगणात शेंगा फोडत होती. तिने ओळखलं, पण बस म्हटलं नाही.

"तुमचं खरं हुतं, आक्का. तेवढं सांगाय आलतो. बाजा हाय न्हवं?"

"त्याच सांजेला यांनी कुऱ्हाडीनं फोडला. आजानं घेतलेला बाजा. पुढं वरीसभर जगलं, पर निपाणीचं नाव काढलं न्हाय."

जोतिबा उभाच राहिला.

"माझं खरं हुतं ते मला ठाऊकच हाय की," ती म्हणाली. "मला काय सांगतासा? तवा हसली त्या तिघांस्नी सांगा जावा."

तिघांतले दोघे वारले होते. तिसरा म्हणजे परवा बाजारात 'कोन सांगनार?' म्हणाला, तोच.

खंडेनवमीला राजाबाईने चिंच भिजत घातली. विळ्या, पकडी, पाने पुसून पाटावर मांडले. बाजापाशी येऊन ती थांबली. "ह्यो घासू का ऱ्हाऊ दे?"

जोतिबाने वर पाहिलं नाही.

"घास की. आता काय ऱ्हायलंय त्येच्यावर."