नीलकंठरावांचं ओलं कोर्ट

मदन महलजवळच्या कॉलनीत सगळे खुशाल सांगायचे, की नीलकंठरावांचे संसार दोन. एक शैलजाताईंशी, दुसरा क्लबातल्या हिरवळीच्या टेनिस कोर्टाशी. फॅक्टरीतून रिटायर होऊन सात वर्षं झाली, तरी रोज सकाळी त्याला पाणी घालणं, गवत कापणं, रोलर फिरवणं चालूच. लग्नाच्या वाढदिवसाची मात्र शेजाऱ्यांनी आठवण करून द्यावी लागायची.

यंदा त्याच कोर्टावर पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा आली. परदेशी खेळाडू आले. नीलकंठराव पंधरा दिवस धड झोपले नाहीत. आदल्या दिवसापासून पाणी बंद केलं, कारण ओल्या गवतावर खेळाडू घसरतो. हे घरी सांगायचं तेवढं राहून गेलं.

पहिल्या सामन्याच्या सकाळी नेमका त्यांचा डोळा लागला. ते आजारी असले की पाणी शैलजाताईच घालायच्या. थकलेत, झोपू द्यावं म्हणून त्या गेल्या आणि अर्धं कोर्ट चिंब करून आल्या.

स्पर्धेचे अधिकारी आलोकजी यांनी गवतावर तळवा टेकवला. "ग्यारह बजे तक सूख गया तो ठीक. नहीं तो मैच दूसरे क्लब में होगा."

धावत आलेल्या नीलकंठरावांनीही गवत चाचपून पाहिलं. शैलजाताईंच्या डोळ्यांना धार लागली. आता नीलकंठराव ओरडतील, म्हणून चारजण कान टवकारून उभे होते. त्यांची निराशा झाली.

"काहून रडून राहिली? घरात जुन्या सुती साड्या किती आहेत, ते सांग."

कॉलनीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? मनीषादीदी सासूबाईंना न विचारताच त्यांच्या साड्या घेऊन आली. रत्नाकर भैया पलंगावरची चादर ओढून आला. तिच्यावर झोपलेल्या मेव्हण्याला त्याने उठवलं की लोळवलं, यावर अजून वाद आहे. वीसेक माणसं गुडघ्यांवर बसून गवतावर कापड दाबत होती. घासू नका, फक्त दाबा, असं सांगत नीलकंठराव प्रत्येकापाशी वाकत होते.

अकराला दहा कमी असताना आलोकजींनी पुन्हा तळवा टेकवला, चार पावलं धावून पाहिलं आणि मान डोलावली. सामना तिथेच झाला.

कोण जिंकलं, ते नीलकंठरावांना विचारू नका. ते नळाखाली साड्या धूत होते. पुढचे दोन दिवस इस्त्री केलेल्या घड्या घेऊन ते दारोदार फिरले. आभार मानायचे म्हणून तोंड उघडायचे आणि चहाच मागायचे. लोकांनी तोही आनंदाने पाजला.

स्पर्धा संपल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी शैलजाताईंना उठवलं आणि पाईप त्यांच्या हातात दिला.

"आज तू घाल. मी बसून पाहतो."